सरांचं ज्ञान कोडमध्ये नेमकं कुठे ठेवायचं?

पत्र:

"आमची कंपनी कारखान्यांसाठी स्क्रू एअर कॉम्प्रेसर बनवते. मी इथल्या छोट्या सॉफ्टवेअर टीमची लीड आहे. आमच्याकडचे सर्वांत अनुभवी सर्व्हिस इंजिनिअर (सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात) पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्याआधी त्यांच्यासारखं बिघाडाचं निदान करणारी सिस्टीम तयार करा, असा वरून आदेश आहे. आम्ही सरांना विचारून नियम लिहायला घेतले. ते सगळे इफ-एल्स ('असं असेल तर हे, नाहीतर ते' अशा अटी) करून कोडमध्येच टाकलेत. आता एक नियम दुरुस्त केला की भलतीकडचं उत्तर बदलतं. सरांना कोड वाचता येत नाही, आम्हाला कॉम्प्रेसर कळत नाही. टीममध्ये तीन तट पडलेत. एकाला आधी ऑन्टॉलॉजी (विषयातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध यांची औपचारिक मांडणी) हवी, दुसऱ्याला रूल इंजिन (नियम कोडपासून वेगळे ठेवून चालवणारं सॉफ्टवेअर), आणि तिसरा म्हणतो, सगळी मॅन्युअल्स भाषा-मॉडेलला देऊन टाका, विषय संपला. सरांना काहीही विचारा, ते म्हणतात, 'ते मशीन बघून ठरतं.' मी कोणाचं ऐकू? आणि यासाठी वेगळा नॉलेज इंजिनिअर नेमायला हवा का?
– एक टीम लीड"

उत्तर:

नमस्कार.

तूर्त तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. तिघंही साधनावरून भांडताहेत, आणि तुमचं घोडं साधनापाशी अडलेलंच नाही. ते अडलंय तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यापाशी: सरांना कोड वाचता येत नाही आणि तुम्हाला कॉम्प्रेसर कळत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना वाचता येईल, जिच्यावर बोट ठेवून सर 'हे चुकलं' म्हणू शकतील आणि तुम्ही 'हे बदललं' म्हणू शकाल, अशी एकही वस्तू आज तुमच्या प्रकल्पात नाही. ती आधी तयार करा. ती वस्तू म्हणजे निकाल लागलेल्या केसेसची फाईल. ऑन्टॉलॉजी, रूल इंजिन, भाषा-मॉडेल यांतलं काय घ्यायचं हे त्या फाईलवरून ठरेल.

ही अडचण काही तुमच्यापासून सुरू झालेली नाही. सॉफ्टवेअर अभियांत्रिकी हे नाव गाजलं ते 1968 साली जर्मनीतल्या गार्मिश इथे भरलेल्या नाटोच्या परिषदेमुळे. मोठे प्रकल्प वेळेत आणि धड का होत नाहीत, ही तिथली चिंता होती. नॉलेज इंजिनिअरिंग हे नाव एडवर्ड फायगेनबॉम यांनी 1977 मध्ये पुढे आणलं. त्यांची चिंता वेगळी होती: तज्ज्ञाच्या डोक्यातलं मशीनला वापरता येईल अशा रूपात आणायचं कसं? दोन्ही मंडळी बराच काळ आपापल्या खोलीत काम करत राहिली, आणि त्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागली. त्यातली दोन उदाहरणं तुमच्या उपयोगाची आहेत.

पहिलं मायसिनचं. 1970 च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये एडवर्ड शॉर्टलिफ यांनी घडवलेली ही सिस्टीम रक्तातल्या जंतुसंसर्गावर आणि मेनिंजायटिसवर (मेंदूच्या आवरणाचा दाह) प्रतिजैविकं सुचवायची. 1979 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेनिंजायटिसच्या 10 केसेसवरची उत्तरं आठ तज्ज्ञ परीक्षकांपुढे ठेवली होती. कोणतं उत्तर मशीनचं आणि कोणतं माणसाचं, हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. मायसिनची 65 टक्के उत्तरं स्वीकारण्याजोगी ठरली, आणि तिथल्या प्राध्यापक डॉक्टरांपैकी एकालाही तेवढे गुण मिळाले नाहीत. तरीही ती रुग्णालयाच्या रोजच्या कामात कधीच उतरली नाही. वेगळ्या टर्मिनलपाशी बसायचं, रुग्णाची माहिती पुन्हा हाताने भरायची, एकामागून एक प्रश्नांना उत्तरं द्यायची, आणि सल्ला चुकला तर जबाबदार कोण हे कोणीच सांगू शकत नाही. ज्ञान अव्वल होतं, पण त्याच्याभोवती कामाला जोडलेलं सॉफ्टवेअर नव्हतं.

दुसरं उदाहरण नेमकं उलटं. कार्नेगी मेलनमधल्या जॉन मॅकडरमॉट यांनी 1978 च्या सुमारास घडवायला घेतलेली एक्सकॉन ही डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरी तपासून, कोणते भाग कसे जोडायचे ते ठरवायची. ती खरोखर कामात होती, रोज होती, आणि कंपनीचे पैसेही वाचवत होती. सुरुवातीला तिच्यात काही शे नियम होते. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ते काही हजारांवर गेले, आणि दरवर्षी त्यातले सुमारे निम्मे बदलावे लागत, कारण संगणकांची मॉडेल्सच बदलत होती. कोणता नियम कधी लागू पडेल हे कोणालाच नीट सांगता येईना, तेव्हा कंपनीला नियम लिहिण्याची शिस्तच नव्याने बसवून सगळं पुन्हा बांधायला घ्यावं लागलं. 'एक नियम दुरुस्त केला की भलतीकडचं उत्तर बदलतं' हे तुमचं वाक्य त्यांच्याही तोंडी शोभलं असतं.

आता केसेसकडे. पत्राचं खरं उत्तर इथेच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

सगळे बिघाड एकदम घेऊ नका. एकच तक्रार निवडा, उदाहरणार्थ तापमान वाढून मशीन ट्रिप होणं, म्हणजे आपोआप बंद पडणं. जुन्या सर्व्हिस रिपोर्टांतून तिच्या पन्नास-साठ केसेस काढा. प्रत्येक केसमध्ये पाच गोष्टी हव्यात: ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, त्या क्षणी उपलब्ध असलेली रीडिंग्ज, सरांचं निदान, पुढे प्रत्यक्षात काय सापडलं, आणि सरांनी दिलेलं कारण. 'त्या क्षणी' हा शब्द हलक्यात घेऊ नका. रिपोर्ट काम संपल्यावर लिहिलेला असतो, त्यामुळे उत्तर आधीच कळलेल्या माणसाने तो लिहिलेला असतो. 'थर्मल व्हॉल्व्ह अडकल्यामुळे तेल गरम' हे केसच्या माहितीत आलं, तर तुमची सिस्टीम परीक्षेत पेपर फुटल्यासारखी पास होईल आणि पहिल्याच खऱ्या तक्रारीला तोंडावर पडेल.

दुसरी काळजी अशी की बदललेला भाग म्हणजे बिघडलेला भाग नव्हे. रिपोर्टमध्ये 'सेपरेटर बदलला' (सेपरेटर म्हणजे हवेतलं तेल वेगळं करणारा भाग) असं असेल, तर त्यावरून एवढंच कळतं की सेपरेटर बदलला. त्यानंतर तीच तक्रार पुन्हा आली का, हे बघितल्याशिवाय त्या केसला निकाल लागलेली म्हणू नका. सर अशा कित्येक रिपोर्टांवर नाक मुरडतील. त्यांना मुरडू द्या, आणि का मुरडलं ते लगेच लिहून घ्या.

तिसरं, फाईलमध्ये मशीनचा दोष नसलेल्या केसेसही घ्या. खोलीत गरम हवा कोंडलेली असते, बाहेर टाकलेली गरम हवाच मशीन पुन्हा आत ओढत असतं, आणि कॉम्प्रेसर बिचारा निर्दोष असतो. काही केसेसमध्ये 'एवढ्या माहितीवर सांगता येत नाही, आधी अमुक तपासा' हेच बरोबर उत्तर असतं. उत्तर न देण्याचं धाडस ज्या सिस्टीमला शिकवलेलं नसतं, ती प्रत्येक प्रश्नाला काहीतरी ठोकून देते. आणि एक तृतीयांश केसेस बाजूला काढून ठेवा. नियम लिहिणाऱ्यांनी त्या बघायच्याच नाहीत.

'ते मशीन बघून ठरतं' या उत्तराला वैतागू नका. ते टाळाटाळीचं उत्तर नाही, ते खरं आहे. सिडनीमध्ये पॉल कॉम्प्टन आणि त्यांचे सहकारी थायरॉइडच्या रक्ततपासण्यांवर शेरे लिहिणारी गार्व्हन-ईएस-1 नावाची सिस्टीम सांभाळत होते, तेव्हा त्यांनी हे जवळून पाहिलं. आपण निष्कर्षापर्यंत कसे पोचलो हे तज्ज्ञ सांगत नसतो. आपला निष्कर्ष समोरच्या प्रसंगात का योग्य आहे, एवढंच तो पटवून देत असतो. प्रसंग बदलला की पटवण्याचा मुद्दाही बदलतो. म्हणून 'सर, तापमानाचे नियम सांगा' या प्रश्नाला धड उत्तर मिळत नाही, आणि 'सर, ही केस आणि ती केस दिसायला सारखीच आहे, मग तुम्ही दोन वेगळी उत्तरं का दिलीत?' या प्रश्नाला सोन्यासारखं उत्तर मिळतं.

याचा एक खेळच करता येतो. सरांना केस द्या, पण फक्त तक्रारीचं एक वाक्य सांगा. बाकी सगळं झाकून ठेवा. त्यांनी एकेक गोष्ट विचारायची, तुम्ही तेवढीच सांगायची, आणि प्रत्येक प्रश्नानंतर त्यांच्या मनात कोणत्या शक्यता उरल्या ते विचारायचं. समजा तक्रार आहे, हवेबरोबर तेल येतंय. नवखा तंत्रज्ञ सरळ सेपरेटरकडे धावतो. सर बहुधा आधी विचारतील की तेलाची पातळी मशीन चालू असताना पाहिली की बंद करून. मग विचारतील मशीन किती दाबावर चालतंय, कारण दाब फार खाली गेला की सेपरेटरमधून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि ती तेल ओढून नेते. मग स्कॅव्हेंज लाईन (सेपरेटरमध्ये साठलेलं तेल परत नेणारी नळी) साफ आहे का. सेपरेटरची पाळी त्यानंतर, कारण तो महाग आहे आणि उघडायला वेळ लागतो. तापमानाच्या तक्रारीत ते विचारतील, हळूहळू वाढत गेलं की एका दिवसात? हळूहळू म्हटलं की संशय घाण साचलेल्या कूलरवर जातो. अचानक म्हटलं की पंखा, थर्मल व्हॉल्व्ह किंवा गळून गेलेलं तेल.

या खेळातून दोन वेगळ्या गोष्टी हाती लागतात, आणि तुमच्या इफ-एल्समध्ये त्या एकमेकींत कालवल्या गेल्या आहेत. एक म्हणजे संबंध: कोणत्या लक्षणामागे कोणता दोष असू शकतो. दुसरी म्हणजे डावपेच: कोणता प्रश्न आधी, कोणता नंतर, आणि का. मायसिनच्या नियमांतून विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा विल्यम क्लॅन्सी यांना हेच आढळलं. नियमातल्या अटींचा क्रम हाच वैद्यकीय डावपेच होता, पण तो कुठेही उघड लिहिलेला नव्हता. 'आधी साधी शक्यता तपासा' असं तत्त्व लिहिलेलं नव्हतं, फक्त अट क्रमांक दोन ही अट क्रमांक तीनच्या आधी ठेवलेली होती. 1983 च्या त्यांच्या लेखात ही चिरफाड आहे. तुमच्या कोडमध्येही इफच्या मागे एल्स कुठे लावला, यातच सरांचा अर्धा अनुभव दडून बसलाय. कोणीतरी 'कोड नीट करू' म्हणून फांद्यांचा क्रम बदलतो आणि तो अनुभव उडून जातो. भलतीकडचं उत्तर बदलतं ते यामुळेच.

तेव्हा चार वस्तू चार ठिकाणी ठेवा.

मशीनची रचना, म्हणजे कोणत्या मॉडेलला कोणता कूलर, कोणता सेन्सर, कोणतं तेल, हा साधा डेटा आहे. तो डेटाबेसमध्ये जाऊ द्या. त्याला ज्ञान वगैरे म्हणून सजवू नका.

रीडिंगपासून निरीक्षणापर्यंतचा प्रवास हा साधा कोड आहे. 'सेपरेटरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक अमुक मॉडेलसाठी जास्त आहे' हे ठरवणारं फंक्शन एकदाच लिहा, एककांसह लिहा, आणि त्याला युनिट टेस्ट (तेवढ्याच तुकड्याची आपोआप चालणारी चाचणी) लावा. नियमांमध्ये आकडे घुसू देऊ नका. नियमाने फक्त 'दाबातला फरक जास्त' एवढंच वाचावं. नवीन मॉडेल आलं की आकडा बदलेल, नियम तसाच राहील. एक्सकॉनच्या माणसांना नियमांची जी दरसाल उलथापालथ करावी लागली, तिचा काही भाग तुम्हाला इथेच टाळता येईल.

तिसरी वस्तू लक्षण आणि दोष यांचे संबंध. हे सरांचं. ते सरांना वाचता आले पाहिजेत आणि त्यांच्या सहीशिवाय बदलता कामा नयेत.

चौथी डावपेच. हा बहुतेक वेळा लहान असतो, एका पानात मावतो: स्वस्त तपासणी आधी, मशीन न उघडता होणारी आधी, नुकतीच काही कामं झाली असतील तर आधी तिकडे बघा. तो एकाच ठिकाणी, उघड लिहा.

पाचवी गोष्टही सापडेल, आणि ती बाहेर ठेवायची आहे. वॉरंटीत बसतं का, खर्च कोणाचा, कोणत्या ग्राहकाकडे आधी माणूस पाठवायचा. हे निर्णय सर देत असतील, पण ते निदान नव्हे. ते कंपनीचं धोरण आहे आणि त्याचा मालक वेगळा आहे. हे एकत्र केलंत की धोरण बदलल्यावर निदान मोडेल.

शब्दांचं एक काम उरतं, त्याला आठवड्याहून जास्त देऊ नका. तुमच्या तक्रार नोंदणीत 'फॉल्ट कोड' नावाचा रकाना असेल तर त्यात काय भरलंय ते बघा. बहुतेक ठिकाणी त्यात दोष नसतोच. तक्रार असते, अलार्म असतो, बदललेला भाग असतो, काहीही असतं. तक्रार, निरीक्षण, दोष आणि उपाय असे चार रकाने वेगळे करा, प्रत्येकात कोणत्या नोंदी चालतील त्याची यादी सरांसोबत ठरवा, आणि तीच नावं टेबलांना, क्लासेसना आणि स्क्रीनवरच्या लेबलांना द्या. ऑन्टॉलॉजीवाल्या मित्राला सांगा, ही तुझी पहिली ऑन्टॉलॉजी. तो नाराज होईल, पण पुढे जाऊन आभार मानेल.

त्याची बाजू पूर्ण फेटाळू नका. मॉडेलांची संख्या मोठी असेल, भागांचे प्रकार-उपप्रकार असतील, दुसऱ्या विभागांशी माहिती जोडायची असेल, तर औपचारिक ऑन्टॉलॉजीला अर्थ आहे. फक्त एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो, कारण डेटाबेसवर वाढलेले प्रोग्रामर त्यात हमखास पडतात. 2004 साली डब्ल्यू-थ्री-सीने (वेबची प्रमाणं ठरवणारी संस्था) प्रमाणित केलेली आऊल ही ऑन्टॉलॉजी लिहिण्याची भाषा 'नोंद नाही म्हणजे माहीत नाही' असं मानते. 'नोंद नाही म्हणजे तसं नाही' असं ती मानत नाही. सेपरेटर बदलल्याची तारीख भरली नाही, तर ती तक्रार करणार नाही; असेल कुठेतरी, असं समजून पुढे जाईल. आणि 'सेपरेटर बदलल्याची तारीख ही कॉम्प्रेसरची असते' असं डोमेन (हा गुण कोणत्या वर्गाचा ते सांगणारं विधान) तुम्ही लिहिलंत आणि कोणी चुकून ती ग्राहकाला जोडली, तर एरर येणार नाही. हा ग्राहक कॉम्प्रेसर आहे, असा निष्कर्ष येईल. ग्राहक आणि कॉम्प्रेसर हे वेगळे वर्ग आहेत असं स्वतंत्रपणे लिहिलंत तरच विसंगती पकडली जाते. माहितीवर बंधनं घालायची असतील तर त्यासाठी शॅकल हे 2017 चं वेगळं प्रमाण आहे, किंवा तुमचं नेहमीचं व्हॅलिडेशन आहे. निष्कर्ष काढणं आणि नोंद तपासणं ही दोन कामं वरवर सारखी वाटली तरी एक नाहीत.

रूल इंजिनाबद्दल थोडक्यात. सरांचे संबंध आधी डिसिजन टेबलमध्ये लिहा. ओळीत अटी, शेवटी दोष. सर ते वाचू शकतात, आणि अटी मोजक्या असतील तर दोन ओळी एकमेकींवर पडताहेत का, कुठे फट राहिलीय का, हे प्रोग्रामने तपासता येतं. एका निष्कर्षावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा अशा लांब साखळ्या दिसू लागल्या तरच इंजिन घ्या. चार्ल्स फोर्गी यांची रेटे पद्धत वापरणारी इंजिनं हजारो नियम वेगाने जुळवतात, पण तुमचा प्रश्न वेगाचा नाही. आणि नियमांना प्राधान्याचे आकडे देण्याची सोय दिसली की हात आखडता घ्या. 'हा नियम दहा, तो वीस' सुरू झालं, की डावपेच पुन्हा आकड्यांमागे लपले म्हणून समजा.

खात्रीचे आकडेही सरांकडून मागू नका. 'सेपरेटर खराब असण्याची शक्यता 0.7 की 0.8?' असं विचारलं तर ते सौजन्याने काहीतरी सांगतील. मायसिनमध्ये असे खात्रीचे गुणांक होते, आणि ते बरेच ढोबळ केले तरी शिफारशी फारशा बदलत नाहीत असं तिच्यावरच्याच तपासणीत दिसलं. 'बहुधा', 'असू शकेल', 'नाहीच' एवढ्या तीन पायऱ्या पुरेत. पुढे नोंदी साठल्या की प्रमाण त्या नोंदींतून काढा.

तिसऱ्या मित्राला, म्हणजे भाषा-मॉडेलवाल्याला, खरं काम द्या. जुन्या रिपोर्टांतून केसचा कच्चा मसुदा काढणं हे ते छान करेल. तपासायला माणूस हवाच. तंत्रज्ञाने मोबाईलवर लिहिलेल्या अर्धवट वाक्यातून तुमच्या यादीतली निरीक्षणं ओळखणं आणि 'तुम्हाला हेच म्हणायचंय का?' असं विचारणं हेही जमेल. निदान मात्र त्याच्या तोंडून नको. मॅन्युअलमध्ये एका बिघाडाची आठ कारणं एकाखाली एक, सारख्याच वजनाने छापलेली असतात. सरांचं ज्ञान म्हणजे त्या आठांतली इथे कोणती दोन, आणि ते मॅन्युअलमध्ये नाही. शिवाय मॉडेलची आवृत्ती बदलली की तुमचा एक भाग बदलला असं धरा आणि केसेसची पूर्ण फाईल पुन्हा चालवा. कुठल्याही लायब्ररीच्या बाबतीत तुम्ही हेच करता.

आता तुमच्या घरचा विषय, ज्यात तुम्ही सरांपेक्षा वरचढ आहात. टेबलं गिटमध्ये (आवृत्त्या सांभाळणारं साधन) कोडशेजारी, पण स्वतःच्या आवृत्ती क्रमांकासह ठेवा. कोड न बदलता ज्ञानाचं रिलीज करता आलं पाहिजे आणि तसंच मागेही घेता आलं पाहिजे. प्रत्येक बदलाला ज्या केसमुळे तो करावा लागला ती केस जोडलेली असावी. केस नाही तर बदल नाही. प्रत्येक उत्तराच्या लॉगमध्ये मिळालेली निरीक्षणं, लागू पडलेल्या ओळी आणि ज्ञानाची आवृत्ती हवी, म्हणजे सहा महिन्यांनी 'तेव्हा असं का सांगितलं?' याला उत्तर असेल.

बदल करण्याची पद्धत मी कॉम्प्टन यांच्या गटाकडून उचलायला सांगेन. उत्तर चुकलं की सर नवीन ओळ सुचवतात. त्या ओळीमुळे आधीच्या एखाद्या केसचं बरोबर उत्तर बदलत असेल, तर सिस्टीम ती जुनी केस सरांसमोर ठेवते आणि विचारते, या दोघींत फरक काय? सर म्हणतात, 'अहो, त्यात तेल नुकतंच बदललं होतं, दोन जातीची तेलं मिसळली असणार.' तो फरक म्हणजेच नव्या ओळीतली हरवलेली अट. नियमाचा मजकूर न समजताही सर नियम दुरुस्त करू शकतात, कारण ते केसेसची तुलना करताहेत, आणि त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

सुरक्षेची वाक्यं यापैकी कशावरही सोडू नका. उत्तरात तेलाची टाकी उघडण्याची पायरी असेल, तर त्याआधी मशीन बंद करून दाब पूर्ण उतरवल्याची पायरी असलीच पाहिजे. हे नियमांतून निघायची वाट बघायची नाही. उत्तर स्क्रीनवर जाण्याआधीचा शेवटचा कोड ते तपासेल आणि पायरी नसेल तर उत्तर अडवेल. वर अशी टेस्ट लिहा, जी निरीक्षणांच्या हजारो आडव्यातिडव्या जुळण्या तयार करून सिस्टीमवर सोडते आणि ही अट एकदाही मोडत नाही ना ते बघते. पन्नास केसेसमधून हे कधीच कळणार नाही.

आणि मायसिनचा धडा: नवीन ॲप काढू नका. तंत्रज्ञ आज जिथे तक्रार उघडतो त्याच स्क्रीनवर उत्तर द्या. कंट्रोलरमधून मिळू शकणारं रीडिंग त्याला टाइप करायला लावू नका. सुरुवातीचे काही आठवडे सिस्टीमला नुसतं मागे चालू ठेवा. तिचं उत्तर कोणालाही दाखवू नका, सरांच्या उत्तराशी ताडून बघा. जिथे दोघांचं जुळत नाही त्या केसेस दर आठवड्याला घेऊन बसा. त्यातल्या काहींत सिस्टीम बरोबर निघेल. ते सरांना कसं सांगायचं, हे मात्र तुमचं तुम्ही बघा.

वेगळा नॉलेज इंजिनिअर नेमायचा का? बाहेरून नको. सहा महिन्यांसाठी आलेला माणूस ज्ञान स्वतःच्या डोक्यात घेऊन जातो, मग तुम्हाला सरांऐवजी त्याची वाट बघावी लागते. तुमच्या टीममधली एक व्यक्ती निवडा, जिला ऐकायला आवडतं आणि जी पटकन कोड लिहायला बसत नाही. तिचा निम्मा वेळ या कामाला बांधून द्या. सर्व्हिस विभागातून दुसरा एक तरुण इंजिनिअर मागून घ्या. सर गेल्यानंतर टेबलांवर सही त्याची असणार आहे, तेव्हा पहिल्या केसपासून तो खोलीत हवा. टेबलांची मालकी सॉफ्टवेअर टीमकडे घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. वरिष्ठांकडे जाल तेव्हा पैशांच्या आधी या दुसऱ्या माणसाची मागणी करा. ती नाकारली गेली, तर प्रकल्पाचं उद्दिष्टच छोटं करून घ्या: फक्त तापमान ट्रिप, फक्त सध्या विकली जाणारी मॉडेल्स, आणि बाकीच्या तक्रारींसाठी सरांच्या केसेसचा नुसता शोधता येणारा संग्रह. तेवढं उरलेल्या वेळात नीट होण्यासारखं आहे.